दगडी जोत्याला पांघरूण घालावं का?

प्रश्न : ताईंना सा. न. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजाच्या आतल्या गल्लीत आहे. पणजोबांनी बांधलेलं. खालचं सगळं काम खंड्याचं, म्हणजे दगडाचं, वर पटियांची (लांब दगडी फरश्यांची) छत. माझा मुलगा टोरांटोला असतो. तिथं त्यानं शंभरेक वर्षांचं जुनं घर घेतलं, तळघराच्या दगडी भिंतींना आतून फोम मारून घेतला आणि घर एकदम ऊबदार झालं असं सांगतो. आता त्याचा आग्रह आहे की आपल्याही घराच्या पायाला असंच काही करावं. पैसे तो पाठवतोय. इथल्या ठेकेदारानं पाहणी करून सांगितलं की जोत्याभोवती दोन फूट खणायचं, दगडाला दोन इंची थर्मोकोल चिकटवायचा, त्यावर जाळी, सिमेंटचं प्लास्टर आणि वॉटरप्रूफ रंग. हिवाळ्यात आमची फरशी इतकी गार पडते की सौ.च्या गुडघ्यांना सोसत नाही. शिवाय मधल्या खोलीत आणि देवघरात गुडघाभर ओल आहे, रंगाचे पोपडे पडतात. या एका कामात थंडीही जाईल आणि ओलही, असं ठेकेदार म्हणतो. आजोबांच्या वेळी दाराला चार पायऱ्या होत्या म्हणतात, आता दीड उरली आहे, तेव्हा खोदाईही फार नाही. दिवाळीनंतर काम सुरू करायचं आहे. करावं का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नका करू. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे ठेकेदाराला अजून बयाणा दिला नसेल तर देणार नाही.

मुलाचं काही चुकलेलं नाही. टोरांटोत हिवाळ्यात जमीनच गोठते. तिथं घराचा पाया १.२ मीटर खोल नेतात, कारण तेवढ्या खोलीपर्यंत मातीतलं पाणी गोठू शकतं, आणि पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे ९ टक्के जास्त जागा मागतो. तळघरं राहती असतात, चार-पाच महिने तापवलेली असतात. आत वीस अंश आणि बाहेर कडाक्याच्या दिवसांत उणे दहा-पंधरा. अशा वेळी उघड्या दगडातून ऊब रात्रंदिवस बाहेर जाते, आणि दगड ऊब अडवण्यात फार कच्चा असतो. दोन इंच थर्मोकोल जेवढी अडवतो, तेवढी अडवायला वालुकाश्माची भिंत अडीच-तीन मीटर जाड लागेल. म्हणून तिथं फोमला अर्थ आहे. तरीही मुलाला एक विचारा : फोम मारण्याआधी बाहेरचं पाणी भिंतीपासून दूर वळवलं होतं का? आतली ऊब मिळेनाशी झाली की दगड आधीपेक्षा जास्त गार पडतो. तो ओला असेल, तर सांध्यातलं पाणी गोठून चुना खिळखिळा होतो.

आपल्याकडे जमीन गोठत नाही. तुमच्या फरशीखालची माती जानेवारीत बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते आणि मे महिन्यात तिच्यापेक्षा गार. माझ्या घरी ओसरीच्या कोपऱ्यात एक साधा थर्मामीटर फरशीला टेकवून ठेवलेला आहे. गेल्या जानेवारीत एका पहाटे बाहेर ६ अंश होते, फरशीवर १५. मे महिन्यात दुपारी बाहेर ४४, फरशीवर ३१. आपल्या वाडवडिलांनी उन्हाळ्यातल्या दुपारी माजघरातच का काढल्या, ते या आकड्यांत दिसतं. जमिनीशी असलेलं हे नातं तोडून तुम्हाला हिवाळ्यात थोडंफार मिळेल, आणि उन्हाळ्यात पुष्कळ जाईल. ग्वाल्हेरात ऊन आठ महिने आणि थंडी जेमतेम अडीच.

पण माझी खरी काळजी थंडीची नाही, ओलीची आहे. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : चार पायऱ्यांची दीड झाली.

लष्करातल्या जुन्या गल्ल्यांमधून मी फिरते तेव्हा आधी पायऱ्या मोजते. रस्ता दर काही वर्षांनी नव्यानं होतो, जुना थर न काढता त्यावर नवा पडतो. घर आहे तिथंच राहतं, गल्ली वर येते. जे जोतं पूर्वी उन्हावाऱ्यात उघडं होतं, ते आता मातीत आणि काँक्रीटखाली गेलेलं असतं. आपला वालुकाश्म पाणी पितो. त्याच्या बारीक छिद्रांतून आणि चुन्याच्या सांध्यांतून ओल वर चढते, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तशी. भिंतीच्या ज्या भागावर वारा आणि ऊन लागतं तिथून ती उडून जाते. जितकं उडतं तितकंच चढतं, म्हणून पूर्वी ओल जोत्यातच थांबायची, घरात यायची नाही. तुमचं जोतं जमिनीखाली गेलं, उडायची जागा गेली, आणि ओल अडीच पायऱ्यांएवढी वर सरकून देवघरात पोचली. ठेकेदार आता उरलेली दीड पायरीही थर्मोकोल आणि सिमेंटखाली झाकणार. मग ती ओल कुठं जाईल, ते तुम्हीच सांगा.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढली, तरी सगळ्यात मोठी चूक मी माझ्या वडिलांच्या घरात केली. १९९६ साली देवघराच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल होती. मी सगळा जुना चुना खरवडून काढायला लावला आणि छातीपर्यंत सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं, आत वॉटरप्रूफिंग पावडर घालून. पहिलं वर्ष भिंत कोरडी ठणठणीत. वडील येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. तिसऱ्या पावसाळ्यात सिमेंट जिथं संपत होतं त्याच्या वर एक काळपट पट्टा उमटला. थेट कोनाड्याच्या पातळीवर, आणि त्या कोनाड्यात त्यांच्या पोथ्या होत्या. रेशमी बासन सोडलं तर आतली पानं एकमेकांना चिकटलेली. वडील काही बोलले नाहीत. एकेक पान सुटं करत ते अंगणात बसून राहिले, ते मला आजही दिसतं.

तेव्हा एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. ते सत्तरीच्या पुढचे, किल्ल्याच्या पायथ्याकडचे. त्यांनी हातोडीनं सिमेंट वाजवून पाहिलं, एक पोपडा उचकटला. मागचा दगड ओला होता आणि त्यावर पांढरी, कापसासारखी पूड होती. ती त्यांनी बोटावर घेऊन जिभेच्या टोकाला लावली आणि म्हणाले, "ठंडा है, बाईजी. शोरा है. यहाँ घोड़े बँधते थे."

त्यांचं खरं निघालं. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, तेच आपलं लष्कर. छावणी म्हटल्यावर घोडी आली, घराघरात पागा आल्या. आमच्या देवघराची जागा एके काळी पागेची होती, हे मग मोठ्या आत्याकडून कळलं. जनावरांच्या मुतानं मुरलेल्या जमिनीत शोरा, म्हणजे आपला सोरा, तयार होतो. दारूगोळ्यासाठी तो पूर्वी अशाच मातीतून काढत. शंभर-दीडशे वर्षांनंतरही तो तिथंच असतो, ओलीबरोबर भिंतीत चढतो, आणि पाणी उडालं की मागं राहून त्याचे स्फटिक होतात. स्फटिक वाढताना दगडाचा, चुन्याचा कण न् कण सुटा करतात. आपण ज्याला भिंतीला लोणा लागला म्हणतो, तो हाच. शोरा जिभेला गार लागतो, साधं मीठ नुसतं खारट. (मिस्त्रींचं पाहून तुम्ही मात्र चव घेऊ नका. त्या भिंतीत काय काय मुरलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.)

तेव्हा आता काय करायचं ते सांगते. यात घाई चालत नाही.

आधी पाणी शोधा. सकाळी एकदा घराभोवती फिरून बघा. गच्चीचे पन्हाळे कुठं पडतात? धुण्याची मोरी भिंतीला लागून आहे का? आणि कूलर. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ग्वाल्हेरात निम्म्या घरांत ओलीचं हेच कारण सापडतं. एप्रिलपासून जुलैपर्यंत खिडकीतला कूलर रोज भिंतीवरून ठिबकत असतो, आणि खालचा दगड पावसाळा यायच्या आधीच भिजलेला असतो. कूलरखाली पत्र्याचा ट्रे आणि नळी लावायला फारसा खर्च येत नाही.

मग अंगणाच्या बाजूनं, जिथं जमीन तुमच्या मालकीची आहे, तिथं भिंतीला लागून दीड फूट रुंदीचा पट्टा मोकळा करा. फरशी, काँक्रीट सगळं काढा. तिथं दीड-दोन फूट खोल चर घ्या. तळाशी भोकं पाडलेला पाइप कापडी जाळीत गुंडाळून ठेवा, दर मीटरला एक सेंटीमीटर उतार देऊन नालीला जोडा, आणि चर मोठ्या गिट्टीनं भरा. वर माती घालू नका, गिट्टी उघडीच राहू द्या. तिच्यातून जोतं पुन्हा श्वास घेऊ लागेल. एक ताकीद : चर सलग खणू नका. चार-चार फुटांचे तुकडे करून एक भरल्यावरच पुढचा घ्या, आणि पायाच्या तळापेक्षा खोल कधीच जाऊ नका. जुन्या घरांचा पाया कुठं तीन फुटांवर संपतो, कुठं सहावर. खणल्याशिवाय कळत नाही. ठेकेदार चहूबाजूंनी एकदम दोन फूट खणणार होता, तेही मला पटलेलं नाही.

आतल्या भिंतींवर सिमेंट असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाशी काढून टाका. जिथपर्यंत ओल दिसते त्याच्या वर हातभर. नंतर भिंत तशीच उघडी ठेवा, निदान एक अख्खा उन्हाळा. घर भकास दिसेल, पाहुणे विचारतील, पण ठेवा. पांढरी पूड बाहेर येत राहील. ती कोरड्या कुंच्यानं सुपात झाडून घ्या आणि घरापासून लांब टाका. पाण्यानं धुवायची नाही. धुतली की सगळा खार पुन्हा दगडात जातो. फारच खार असेल तर वर्तमानपत्राचा लगदा भिजवून भिंतीवर बोटभर जाड थापा, पुरता वाळू द्या, खरवडून फेका, पुन्हा थापा. आमच्या भिंतीला तीनदा थापला.

चुन्याचं काम दसऱ्यानंतर. विरवलेला चुना एक भाग, वाळू दोन, सुरखी (विटांची पूड) एक. आधी सांधे बोटभर खोल कोरून भरायचे, मग हवं तर वरून गिलावा. गोणपाट ओलं करून आठ-दहा दिवस झाकून ठेवायचं. मे महिन्यात केलंत तर चुना पकडायच्या आत वाळून भुगा होतो. वरून चुन्याची सफेदी, प्लास्टिकचा रंग मुळीच नको. पहिला गिलावा पाच-सात वर्षांत पुन्हा झडला तरी वाईट वाटून घेऊ नका. तो खार स्वतःमध्ये ओढून घेतो आणि दगड वाचवतो.

भिंतीत भोकं पाडून औषध सोडण्याची पद्धत आहे, ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. विटेच्या भिंतीत ती चालते. आपल्या खंड्याच्या भिंती म्हणजे दोन बाजूंना घडीव दगड आणि मध्ये मातीचुन्यात टाकलेला भराव. औषध त्या पोकळ्यांतून कुठं जाईल याचा भरवसा नाही.

आता थर्मोकोलबद्दल आणखी एकच. जमिनीत पुरलेला थर्मोकोल वाळवीला आडोसा देतो. ती तो खात नाही, पण त्याच्या मागून बोगदे करत थेट चौकटीपर्यंत जाते, आणि आपल्याला बाहेरून एक रेषही दिसत नाही. अमेरिकेत जिथं वाळवी फार आहे अशा भागांत जमिनीखाली पायाला फोम लावायला नियमानंच मनाई आहे. तुमच्या घराच्या चौकटी सागवानी असणार. त्या पुन्हा मिळायच्या नाहीत.

राहिली थंडी. आधी फरशी ओली आहे की नुसती गार, हे बघा. स्वयंपाकघरातला चांदीसारखा फॉइल कागद हातभर कापून फरशीवर ठेवा, चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा, दोन दिवस राहू द्या. कागदाखाली थेंब आले तर ओल जमिनीतून येतेय. कागदावर आले तर खोलीतल्या हवेची वाफ गार फरशीवर बसतेय. मग सकाळी स्वयंपाकाच्या वेळी खिडकी उघडी ठेवण्यानंच निम्मं काम होतं. जूनअखेर पहिल्या पावसानंतर फरशीला घाम येतो तो या दुसऱ्या प्रकारचा, त्याला घाबरू नका.

पायांना मात्र फरशी आहे त्यापेक्षा गार वाटते, कारण दगड तळव्याची ऊब झटकन ओढून घेतो. सौ. जिथं उभ्या राहून काम करतात, ओट्याजवळ आणि देवघरात, तिथं अर्ध्या इंचाच्या पट्ट्यांवर ठोकलेली लाकडी फळी ठेवा, मोठ्या पाटासारखी. खालून हवा खेळली पाहिजे. बाकी खोलीत सुती सतरंज्या, आठवड्याला उन्हात टाकायच्या. रबराची किंवा प्लास्टिकची चटई नको, तिच्याखाली फरशी घामेजते. गुडघ्यांना याचा फरक पहिल्या दिवसापासून पडेल.

आणि मुलाचे पैसे? ते छतावर लावा. पायाला पांघरूण घालणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुमच्या खोल्यांची ऊब रात्री पटियांतून आकाशात जाते, आणि मे महिन्यात दिवसभर तापलेली तीच पटिया रात्री तुमच्या अंगावर आग ओकते. तुमचा ठेकेदार थर्मोकोल पायाला लावणार होता, त्याची जागा वर आहे. फक्त पांढऱ्या दाणेदार थर्मोकोलऐवजी निळा किंवा गुलाबी कडक फोमचा तक्ता घ्या, दोन इंची. तो पाणी जवळजवळ पीत नाही. आधी गच्चीच्या भेगा चुन्यानं बुजवून पाणी अडवा, त्यावर तक्ते, त्यावर पातळ कोबा आणि पांढरी चिनी तुकड्यांची फरशी. जुन्या पद्धतीनं चार इंच माती पसरायला कुणी सांगितलं तर आधी खालून प्रत्येक पटिया बॅटरीनं तपासा. तेवढी माती दर चौरस मीटरला दीडशे किलोंच्या वर भार टाकते. एखादी पटिया मधून तडकलेली असेल तर हे वजन तिला पेलणार नाही. तक्त्याचं स्वतःचं वजन दोन किलोही भरत नाही. कोबा आणि तुकड्यांचा भार मात्र धरावाच लागतो, म्हणून तडकलेली पटिया दोन्ही बाबतींत आधी बदला.

फॉइलचा कागद लावलात की थेंब खाली आले की वर, ते मला जरूर कळवा. आणि शक्य झालं तर आजोबांच्या वेळचा दारातला एखादा फोटो शोधा. चारही पायऱ्या त्यात दिसल्या तर जोत्याची मूळ पातळी कळेल, आणि चर किती खोल घ्यायचा तेही.

प्रश्न : मुरारला नवं घर बांधत आहे. पाया आणि जोतं खंड्याचं, वर विटा. मिस्त्री म्हणतो डीपीसीची (जोत्यावरच्या ओल अडवणाऱ्या पट्टीची) गरज नाही, प्लास्टरमध्ये वॉटरप्रूफिंगचं पुडकं टाकू. ऐकावं का?
— एक वाचक, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : ऐकू नका. जुन्या घराला जे आता कशानंही पुरतं देता येत नाही, ते तुम्हाला आज अगदी थोड्या खर्चात मिळतंय. जोत्याच्या माथ्यावर, भिंतीच्या पूर्ण रुंदीत, दीड इंच जाडीचं १:२:४ (सिमेंट, वाळू, गिट्टी) काँक्रीट टाका. वॉटरप्रूफिंगचं पुडकं त्यात घाला. ते वाळल्यावर गरम डांबराचे दोन हात द्या, मगच पहिली वीट. आतल्या भिंतींनाही तसंच, तिथं कुणी टाकत नाही आणि ओल नेमकी तिथून चढते. ही पट्टी जमिनीपासून किमान सहा इंच वर असावी असं सांगतात. तुम्ही मात्र जोतंच तीन फूट घ्या. वरचं पत्र वाचलंत, म्हणजे का ते कळेल. आणि बाहेरचं प्लास्टर पट्टीच्या रेषेवर तोडायला लावा. ते पट्टीवरून खाली जोत्यापर्यंत आणलं की ओल त्याच प्लास्टरमधून वर जाते आणि डांबर असून नसल्यासारखं होतं. त्या दिवशी स्वतः तिथं उभे राहा.